दारूगोळ्याचं बंदर कसं आखतात? (भाचीच्या प्रकल्पासाठी मदत हवी)

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालो. धरणाचे भराव, कालवे, गाळ हेच माझं जग. समुद्राशी कामाचा कधी संबंध आला नाही. पण भाची स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिनं प्रकल्पाला विषय घेतलाय: लष्कराचा दारूगोळा जहाजावर चढवायचं स्वतंत्र बंदर. वर्गात पहिलाच प्रश्न आला, "मराठवाड्यात समुद्र कुठाय?" पोरगी हिरमुसून घरी आली.

मी तिला १४ एप्रिलची गोष्ट सांगितली. आपल्याकडे १४ एप्रिल म्हणजे भीमजयंती. गावागावात मिरवणुका, निळे झेंडे. त्याच दिवशी देशभर अग्निशमन दलाचा स्मृतिदिन असतो, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, त्याच पोटात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, लाकूड, तेलाचे पिंप आणि सोन्याच्या विटा. दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या फाळक्यातून, म्हणजे मालाच्या कप्प्याच्या तोंडातून, धूर दिसला. दोन तास पाणी मारलं, नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं, आग सापडली नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. एकूण मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत दिले जातात.

शांततेच्या काळात असा माल बाहेर खोल पाण्यात तराफ्यांवर उतरवायचा रिवाज होता. युद्धाच्या घाईत तो बाजूला ठेवला आणि जहाज थेट शहराला टेकलेल्या गोदीत आणलं. धोक्याचा माल आहे हे सांगणारं लाल निशाणही त्यावर नव्हतं.

तीनच महिन्यांनी, १७ जुलै १९४४ ला, अमेरिकेत पोर्ट शिकागोला तेच झालं. ३२० माणसं गेली, त्यातले २०२ कृष्णवर्णीय खलाशी होते. या कामाचं धड प्रशिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं, आणि कुठली तुकडी जास्त माल चढवते याची चढाओढ लावलेली होती. पुढे पुन्हा त्या कामाला हात लावायला ज्यांनी नकार दिला, त्यांच्यातल्या पन्नास जणांवर बंडाचा खटला झाला. त्यांची निर्दोष मुक्तता व्हायला १७ जुलै २०२४ उजाडलं. ऐंशी वर्षं!

तर मंडळी, असं बंदर आज नव्यानं आखायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची? जाणकारांनी कृपा करून सविस्तर लिहावं. पोरगी वाचतेय.

---

मानवतचा_जिनिंगवाला

काका, बंदराचं मला काही कळत नाही. कापसाचं मात्र सांगू शकतो, आणि मला वाटतं तेवढंसुद्धा तुमच्या भाचीच्या कामी येईल.

"आग सापडली नाही" हे वाचून अंगावर काटा आला, कारण आम्ही हे दर हंगामाला बघतो. १७० किलोची दाबलेली गाठ. सरकीबरोबर आलेला एखादा खडा रोलरला घासतो, ठिणगी पडते, ती गाठीत दबून जाते. बाहेरून गाठ पांढरीफटक आणि आत निखारा. दोन दोन दिवस धुमसते. पाणी मारलं तर वरचा कापूस भिजतो आणि दाबामुळे आत पाणी जातच नाही. गाठीच्या पट्ट्या तोडून, कापूस उपसून, मोकळ्या पटांगणात पांगवून विझवावी लागते. संशयित गाठ आम्ही गंजीत ठेवतच नाही, चाळीस पावलं लांब नेऊन टाकतो आणि राखणदार बसवतो.

जहाजाच्या पोटात ती उपसायला जागा कुठून मिळणार? वर गाठी, खाली गाठी, मधे दारूगोळा. ज्यानं तो माल असा रचायची परवानगी दिली त्यानं जिनिंगमधल्या एखाद्या हमालाला विचारलं असतं तरी पुरे होतं. भाचीला म्हणावं, बंदराच्या आराखड्यात लिही: या धक्क्यावर दुसरा कुठलाही माल येणार नाही. कापूस नाही, लाकूड नाही, तेल नाही, खत तर नाहीच नाही.

---

सुभेदार_भोकर

जय हिंद. दारूगोळा भांडारात २४ वर्षं नोकरी. सगळं सांगता येणार नाही, पण जे छापील आणि जाहीर आहे तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, वजन कशाचं मोजायचं. १५५ मिलिमीटर तोफेचा गोळा साधारण ४३ किलोचा, पण आत स्फोटक असतं सुमारे सात किलो. बाकी पोलाद. नियम धरतो ते आतल्या निव्वळ स्फोटकाचं वजन. धक्क्यावर, जहाजात आणि रुळांवर उभ्या वाघिणीत (मालगाडीच्या डब्यात) मिळून एका वेळी ते किती असेल, हा आकडा सगळ्यात आधी ठरतो. तो ठरल्याशिवाय कागदावर एक रेघसुद्धा ओढायची नाही.

दुसरी, अंतर. स्फोटकाच्या किलोंचं घनमूळ काढायचं आणि एका आकड्यानं गुणायचं. वस्तीसाठी नाटो देशांच्या नियमपुस्तकात तो आकडा २२.२ आहे, उत्तर मीटरमध्ये येतं. एक टन म्हणजे १००० किलो, घनमूळ १०, अंतर २२२ मीटर. हजार टन म्हणजे दहा लाख किलो, घनमूळ १००, अंतर २२२० मीटर. माल आठपट केला की अंतर दुप्पट होतं. आपल्या देशाचे स्वतःचे नियम आहेत, पण घनमुळाचा पाया जगभर हाच.

तिसरी, वर्गवारी. सगळा दारूगोळा सारखा नसतो. १.१ म्हणजे सगळा एकदम उडणारा, १.२ म्हणजे तुकडे फेकणारा, १.३ म्हणजे भडकून जळणारा, १.४ म्हणजे किरकोळ धोक्याचा. त्यावर पुन्हा अक्षरं असतात, कुणाशेजारी कुणाला ठेवायचं नाही ते सांगणारी. स्फोट सुरू करणारी वस्तू आणि मुख्य स्फोटक एकत्र राहत नाहीत. हा नियम रक्तानं लिहिलेला आहे.

पुलगावच्या दारूगोळा भांडाराला ३१ मे २०१६ च्या पहाटे आग लागली तेव्हा दोन अधिकारी आणि अग्निशामक जवान आगीकडे धावत गेले, परत आले नाहीत. आमच्यातली माणसं होती ती. अंतराचे नियम पाळलेले असले तरी आत धावणाऱ्याला अंतर वाचवत नाही. म्हणून आराखड्यात हेही असावं की आग किती वाढली की माणसं मागे घ्यायची, आणि तो हुकूम कोण देणार.

---

पूर्णाकाठ

सुभेदारसाहेब, सलाम. "एकत्र राहत नाहीत" वाचलं आणि आमचं शेत आठवलं. आमच्याकडे विहिरीला सुरुंग लावायला ट्रॅक्टर आला होता. ठेकेदाराच्या माणसानं जिलेटिनचे तोटे आणि डेटोनेटर एकाच लोखंडी पेटीत टाकले होते, वर पान्हे-पक्कडी. चुलतभावाची दोन बोटं आणि एक डोळा गेला. तेव्हा आम्ही नशिबाला बोल लावला. आज कळतंय की पेट्या दोन असत्या तर भाऊ धड असता.

तुमच्या सूत्रानं मी फोर्ट स्टिकीनचा हिशोब केला. १४०० टन म्हणजे १४ लाख किलो, घनमूळ साधारण ११२, अंतर अडीच किलोमीटर. नकाशावर व्हिक्टोरिया गोदीच्या जागी कंपासचं टोक ठेवलं. मशीद बंदर आत, मांडवी आत. आपण देवगिरीनं, तपोवननं ज्या सीएसएमटीला उतरतो ते स्टेशनही आत.

---

मांजरेची_लेक

काका, मी लातूरची. पनवेलला एका सल्लागार कंपनीत बंदरांच्या धक्क्यांचं डिझाइन करते. लष्करी काम केलेलं नाही, पण धोकादायक मालाच्या जेटीवर काम केलंय. भाचीला सांगा, वर्तुळ आधी आणि धक्का नंतर. नेहमीच्या बंदरात आपण खोल पाणी बघतो, लाटांपासून आडोसा बघतो, रेल्वे-रस्ता बघतो आणि मग जागा ठरवतो. इथं आधी बघायचं की किनाऱ्यावर एवढं रिकामं वर्तुळ कुठं बसतं.

तिच्यासाठी हिशोब करून दिला. धक्क्यावर हजार टन निव्वळ स्फोटक धरलं तर २.२२ किलोमीटर त्रिज्या, म्हणजे साडेपंधरा चौरस किलोमीटर, सुमारे ३८०० एकर. आता दोन जहाजं शेजारी शेजारी लावली, तर एकाच्या स्फोटानं दुसरं उडेल, म्हणून दोन हजार टन धरावे लागतात. त्रिज्या २.८ किलोमीटर, क्षेत्र सहा हजार एकरांच्या वर. तीच दोन जहाजं एकमेकांना उडवणार नाहीत इतक्या अंतरावर, मधे भक्कम आडोसा करून लावली, तर प्रत्येकाचं वर्तुळ स्वतंत्र मोजता येतं. त्यामुळे एक लांबलचक धक्का बांधण्यापेक्षा दोन-तीन सुटे धक्के बांधलेले बरे. काँक्रीटला जास्त पैसा लागतो, पण एका वेळी उडू शकणारा माल कमी राहतो.

याचं उत्तम उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं सनी पॉइंट. केप फिअर नदीच्या काठावर, १९५५ साली सुरू झालं. पोर्ट शिकागोनंतर लष्कराला कळून चुकलं होतं की व्यापारी बंदरात हे चालणार नाही. तीन सुटे धक्के. वाघिणी उभ्या करायच्या जागांभोवती मातीचे उंच बांध. मुख्य आवार साडेआठ हजार एकरांच्या आसपास. नदीच्या पलीकडच्या तीरावर प्लेझर आयलंडला आणखी एकवीसशे एकर निव्वळ मोकळे, कारण वर्तुळ पाणी ओलांडून पलीकडे जातं. धक्क्यांपासून कित्येक मैल लांब लेलंड गावाजवळ वेगळं रेल्वे यार्ड, तिथं गाड्या घ्यायच्या आणि लागतील तेवढ्याच वाघिणी धक्क्याकडे सोडायच्या. भाचीनं या एका बंदराचा नकाशा समोर ठेवला तरी निम्मं शिक्षण होईल.

दुसरा मार्ग म्हणजे धक्काच समुद्रात लांब न्यायचा. न्यू जर्सीत अर्ल नावाच्या नौदल तळावर जवळपास पावणेपाच किलोमीटर लांबीचा धक्का खाडीत बांधलाय. आणि तिसरा आपल्या नौदलाचा: जहाज लांब उभं ठेवून बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू होडीवरून, माल न्यायचा. दारूगोळा, टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रं वाहणाऱ्या अशा ११ बार्जचं कंत्राट मार्च २०२१ मध्ये ठाण्याच्या एका लघुउद्योगाला मिळालं. बार्जवर माल थोडा असतो म्हणून वर्तुळही लहान. पण दोनदा उचल-ठेव होते आणि प्रत्येक उचल हा एक धोका आहे. माझं मत विचाराल तर मोठ्या प्रमाणावर माल पाठवायचा असेल तर धक्काच हवा. रोजच्या पुरवठ्याला बार्ज ठीक.

पाण्याचा विचार राहून जातो, तो राहू देऊ नका. ६ डिसेंबर १९१७ ला कॅनडात हॅलिफॅक्सला स्फोटकांनी भरलेलं 'माँ ब्लाँ' धक्क्यावर नव्हतंच, अरुंद वाटेतून चाललं होतं. 'इमो' नावाचं दुसरं जहाज धडकलं, पावणेदोन हजारांवर माणसं गेली. म्हणून दारूगोळ्याचं जहाज वाटेत असताना ती वाट दुसऱ्या कुणाला खुली नसावी. कोळी बांधवांच्या होड्यांची वहिवाट कुठून आहे ते आधी जाऊन विचारावं.

बारीकसारीक: जहाजाचं तोंड समुद्राकडे, म्हणजे फिरवण्यात वेळ जात नाही. टग (जहाज ओढणारी बोट) तयार, आणि जहाजाच्या पुढे-मागे पोलादी दोर लोंबते सोडलेले, आग लागली तर कुणाला जहाजावर न चढता ओढून नेता यावं म्हणून. धक्क्याजवळ कचेरी नाही, कँटीन नाही, जो त्या क्षणी कामावर नाही तो माणूस नाही. मोबाइल आणि वॉकीटॉकी बाहेरच, कारण विजेवर पेटणाऱ्या डेटोनेटरला पेटायला रेडिओलहरीही पुरतात.

---

नांदेड_यार्ड

आमच्याकडं विजा पडून दरसाल माणसं-जनावरं जातात, तेव्हा तडितरक्षक आणि अर्थिंग हेही ताईंच्या यादीत ठळक असावं. मी रेल्वेत शंटिंगला होतो. स्फोटकाच्या वाघिणीचं लूज शंटिंग करायचं नाही, म्हणजे ढकलून सोडून द्यायची नाही. इंजिन शेवटपर्यंत जोडलेलं, आणि इंजिन व तिच्यामधे दुसऱ्या वाघिणी. एकदा रात्रपाळीला घाईनं अशी वाघीण सोडायचा प्रयत्न झाला होता, आमच्या मुकादमानं रुळावर उभं राहून अडवलं. त्याला त्या रात्री बोलणी बसली. त्याच्यासारखा माणूस मी नोकरीभर पुन्हा पाहिला नाही.

ते लेलंडचं यार्ड मला सगळ्यात पटलं. समुद्राकाठची जागा महाग आणि अडचणीची, तर गाड्या तपासणं, जुळवणं, सडका डबा बाजूला काढणं हे सगळं आत कोरड्या जमिनीवर करा. जालन्याला ड्रायपोर्टचं भूमिपूजन २०१५ ला झालं, त्यामागंही हेच तत्त्व होतं: बंदरावरची गर्दी आत आणायची. म्हणजे या विषयात मराठवाड्याला जागा आहे. भाचीला सांगा, समुद्र नसला म्हणून लाजू नको.

---

वैजापूर_शिवार

सगळं वाचलं. ज्ञानात भर पडली, आभार. पण ३८०० एकर, सहा हजार एकर असं तुम्ही लिहिता तेव्हा मला तिथली बांधबंदिस्ती, विहिरी, आंब्याची झाडं दिसतात. ती जमीन रिकामी नसते, कुणाची तरी असते. कारवारच्या नौदल तळासाठी अकरा हजार एकरांवर जमीन गेली. उरणला करंजा शस्त्रागाराभोवती सुरक्षा पट्टा जाहीर झाल्यापासून लोक स्वतःच्या घराची भिंत वाढवता येत नाही म्हणून झगडतायत. भाचीच्या आराखड्यात या माणसांचं पान आहे का?

---

किल्लारी९३

वैजापूरच्या दादांनी माझ्या मनातलं लिहिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या भागातली ५२ गावं उठवून दुसरीकडं बसवली. मी तेव्हा अकरा वर्षांची. नवं गाव चांगलं होतं हो, रुंद रस्ते, सुटी घरं. पण शेत लांब गेलं. आईला रोज दोन कोस जास्त चालावं लागायचं. शेजार तुटला, कुणाचं घर कुठल्या रांगेत ते चिठ्ठीनं ठरलं. आजोबा जुन्या गावातल्या पडक्या ओट्यावर जाऊन बसायचे, दिवेलागणीला परत यायचे.

तरी मी म्हणेन, वर्तुळ आधीच मोकळं करा. अर्धवट करू नका. पोर्ट शिकागोचं मी शोधून वाचलं. स्फोट १९४४ ला झाला, ते गाव मात्र तिथंच राहिलं, आणि शेवटी १९६८ ला सरकारनं घरं विकत घेऊन पाडली. चोवीस वर्षं ती माणसं घर दुरुस्त करावं की नको या विचारात राहिली असतील. लटकत ठेवणं हे उठवण्यापेक्षा वाईट आहे. आमच्याकडंही ज्यांना "तुमचं गाव यादीत आहे का नाही ते नंतर कळवू" असं सांगितलं, त्यांचे हाल सगळ्यात जास्त झाले.

पोरीला माझ्याकडून एवढंच: बाई, नकाशावर वर्तुळ काढलंस की त्या गावात एक दिवस राहून ये. शाळा कुठं, पाणवठा कुठं, मसणवाट कुठं, देवाची जत्रा कधी असते ते लिहून आण.

---

सुभेदार_भोकर

ताईंचं बरोबर आहे. संरक्षण बांधकाम कायदा १९०३ चा आहे. लष्करी ठिकाणाभोवती बांधकामावर निर्बंध घालता येतात आणि नुकसानभरपाईची तरतूद त्यातच आहे. बाहेरच्या पट्ट्यात शेती, चराई राहू शकते. घरं आणि गर्दीच्या जागा नकोत. त्यामुळे सगळ्यांना उठवायची गरज नसते. आत कोण, कडेला कोण, बाहेर कोण हे पहिल्याच दिवशी गावसभेत नकाशा लावून सांगावं. आणि एक उलटा धोका सांगतो. भांडार आधी असतं, माळरानात असतं. मग रस्ता येतो, टपरी येते, प्लॉट पडतात, वस्ती वर्तुळात शिरते. नोकरीत असताना माझ्या डोळ्यांसमोर हे झालंय. प्लॉट विकणारा निघून जातो, घेणारा अडकतो. सातबाऱ्यावरच नोंद असली पाहिजे.

---

मांजरेची_लेक

सातबाऱ्यावरच्या नोंदीचा मुद्दा मी आमच्या ऑफिसातल्या लोकांनाही सांगणार आहे.

एक राहिलं होतं, खास काकांसाठी. खाडीतल्या बंदराला गाळाचा प्रश्न असतोच, ड्रेजिंग दर काही वर्षांनी करावं लागतं. दारूगोळ्याच्या धक्क्यापाशी तळाला पडलेला एखादा गोळा असू शकतो, म्हणून ड्रेजर लावण्याआधी तळ तपासावा लागतो आणि तोवर धक्का बंद. मुंबईत तर स्फोटानंतर कित्येक वर्षांनी गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडल्या. त्यामुळे मुळात गाळ कमी येणारी जागा निवडली तर पुढची पन्नास वर्षं सोपी जातात. गाळाचा अंदाज बांधायला काकांइतका अनुभवी माणूस तिला घरातच आहे.

---

पूर्णाकाठ

तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. काल रात्री भाची आणि मी जेवणं झाल्यावर बसलो. तिनं प्रकल्पाची अनुक्रमणिका बदलली. आधी पहिलं प्रकरण "धक्क्याची रचना" होतं, ते आता पाचवं. पहिलं: एका वेळी स्फोटक किती. दुसरं: वर्तुळात कोण राहतं. तिसरं: पाणी, वाट आणि गाळ (हे मी शिकवणार). चौथं: आतलं यार्ड, त्यासाठी नांदेडच्या दादांना ती फोन करेल, त्यांची हरकत नसेल तर. माणसं मागे घ्यायचा हुकूम कोण देणार, याला तिनं वेगळं पान ठेवलंय, सुभेदारसाहेब.

मग तिनं एक केलं. हजार टनांचं ते २.२२ किलोमीटरचं वर्तुळ आमच्या पूर्णा जंक्शनवर काढून बघितलं. स्टेशन, रेल्वे वसाहत, बाजार, तिची शाळा, आमचं घर. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग पेन्सिल घेऊन आत येणाऱ्या घरांची मोजणी सुरू केली. रात्री साडेअकराला बहिणीनं दिवा मालवायला लावला तेव्हा निम्मंच गाव झालं होतं. आज कॉलेजहून आली की उरलेलं करणार आहे.

येत्या १४ एप्रिलला सकाळी गावात बाबासाहेबांना वंदन करून रात्रीच्या गाडीनं आम्ही मुंबईला निघतोय. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या ६६ जणांचं स्मारक आहे, तिला ते बघायचंय. मानवतच्या दादांनी म्हटलंय, येताना गिरणीवर उतरा, धुमसलेली गाठ कशी फोडतात ते दाखवतो. उतरणार.